मे महिन्यातल्या पाण्यात माशांचा वाटा किती?

प्रति,
राज्यातील कालवा सल्लागार समित्यांचे माननीय अध्यक्ष, लोकप्रतिनिधी सदस्य आणि जलसंपदा विभागाचे अभियंते यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मत्स्यव्यवसाय विभागाकडे जायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मुद्दाम तुम्हाला लिहितो आहे. धरणात बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्लं) किती सोडायची ते तो विभाग बघतो. ती बोटुकली मे महिन्यात किती खोल पाण्यात असेल ते तुम्ही ठरवता. १५ ऑक्टोबरचा साठा पुढ्यात घेऊन धरणातल्या पाणीवाटपाचं तुमचं नियोजन सुरू होतं. पिण्याचं पाणी बाजूला निघतं, उद्योगांचं निघतं, रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं लागतात, बाष्पीभवन वजा होतं. त्या तक्त्यात उडून जाणाऱ्या वाफेलाही रकाना आहे. माशाला नाही, आणि माशावर पोट असलेल्या भोयालाही नाही.

मी भीमाकाठचा. घरात पिढ्यानपिढ्या जाळं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, धाकटा भाऊ उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्यावर, होडी चालवतो. पुस्तकातलं आणि पाण्यातलं असं दोन्ही माझ्या कानावर पडतं, आणि अलीकडे दोन्हीकडचं बोलणं एकाच जागी येऊन थांबतंय: पाणी तापतंय.

हवा तापते ते सगळ्यांच्या अंगाला कळतं. १९०१पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, त्याच्या बातम्याही झाल्या. पाणी किती तापलं हे मात्र कोणी विचारत नाही. जगभरातल्या २३५ तलावांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं की १९८५ ते २००९ या काळात तलावांचं उन्हाळ्यातलं वरच्या थराचं पाणी दर दहा वर्षांना सरासरी ०.३४ अंशाने तापत गेलं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम असतं. आपल्यासारखा घाम काढून तो थंड होऊ शकत नाही, पंखा लावू शकत नाही. पाणी तापलं की मासा तापतो, इतका साधा मामला आहे.

आणि खरी मेख उष्णतेपेक्षा ऑक्सिजनमध्ये आहे. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तीस अंशांवर साडेसात. पस्तीसवर सातच्या आत. हे स्वच्छ पाण्याचं आणि समुद्रसपाटीचं गणित. आपल्या पठारावर त्याहून थोडा कमीच. उलट माशाची गरज वाढत जाते: पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा व्यापार ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतो, म्हणजे ऑक्सिजनही तेवढा जास्त लागतो. त्यात शहरांचं सांडपाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी वाहत वाहत उजनीत येतं हे तुम्हाला सांगायला नको. त्यातल्या अमोनियाचा विषारी भाग पाणी वीसवरून तीस अंशांवर गेलं की जवळजवळ दुप्पट होतो. सांडपाणी तेवढंच, नाल्यात एक थेंब जास्त आला नाही, तरी विष दुप्पट.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मासे जगण्यायोग्य पाण्याचा एक वर्ग केलाय, ‘ड’ वर्ग. त्याला ऑक्सिजन किमान चार मिलिग्रॅम हवा, सामू (पीएच) अमुक हवा, अमोनिया तमुकपेक्षा कमी हवा. त्या यादीत तापमान नाही.

तुम्ही म्हणाल, जागतिक तापमानवाढ काय आमच्या समितीच्या हातात आहे? नाही. सूर्य तुमच्या हातात नाही आणि जगातल्या कोळशाच्या भट्ट्याही नाहीत. पण पाणी किती खोल ठेवायचं हे तुमच्याच हातात आहे, आणि उन्हाळ्यात माशाचं मरण-जगणं बरंचसं त्या खोलीवर ठरतं. गुडघाभर पाणी दुपारी दोनपर्यंत असं तापतं की पाय ठेवून उभं राहवत नाही. तीन पुरुष (तीन माणसांच्या उंचीइतकं) पाणी असेल तर माशाला खाली सरकायला वाव राहतो.

अर्थात खाली गेला की सुटला, असंही नाही. कडक उन्हात, वारा पडलेला असताना पाण्याचे थर पडतात. वरचा थर गरम आणि हलका, खालचा गार आणि जड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारी घाण खालच्या थरातला ऑक्सिजन खाऊन टाकते. मग मासा वर गेला तर भाजतो, खाली गेला तर गुदमरतो, आणि मधल्या एका पट्ट्यात दाटीवाटीने दिवस काढतो. धरण जितकं उतरतं तितका तो पट्टा अरुंद होतो. वळवाच्या पहिल्या वादळी पावसाने थर एकदम ढवळले की तळचं मेलेलं पाणी वर येतं. माणसं गारवा आला म्हणून खूश असतात आणि दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं दिसतात.

मेलेल्या माशांच्या पंचनाम्याबद्दल थोडं सांगतो, कारण तो नेहमी चुकतो. पंचनामा होतो सकाळी दहा-अकराला. गोष्ट घडलेली असते पहाटे चार ते सहाच्या दरम्यान. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ तो ओढतं. त्यामुळे उजाडायच्या आधी पाणी सर्वांत रिकामं असतं. त्या वेळी होडीवर असाल तर आधी आवाज येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडं उघडल्या-मिटल्याचा, चपचप असा. कटला वरच्या थरात राहणारा मासा, तो सगळ्यांत आधी दिसतो: जाड ओठ बाहेर, कल्ले भराभर हलतायत, होडी जवळ गेली तरी बुडी मारत नाही. नेहमीचा कटला होडीच्या सावलीलाही बुजतो. मग एकेक आडवा होतो. मोठे आधी जातात. छोटे कितीदा तरी वाचतात, कारण मोठ्या अंगाला ऑक्सिजन जास्त लागतो. पाण्यात विष आलं असेल तर चित्र साधारणपणे उलटं असतं, लहान मासे आधी मरतात आणि वेळेचं बंधन नसतं. हा फरक आमच्या घरातल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही माहीत आहे. दहा वाजता येऊन नमुना घेतला तर तोवर ऊन पडलेलं असतं, शेवाळाने ऑक्सिजन परत भरलेला असतो, आणि अहवालात लिहिलं जातं की विद्राव्य ऑक्सिजन समाधानकारक. मासे मग कशाने मेले? अज्ञात कारणाने.

सगळेच मासे असे मरत नाहीत, हेही सांगायला हवं. मरळ, मागूर, शिंगी हवेतला श्वास घेऊ शकतात. चिखलातही तग धरतात. आणि चिलापी, म्हणजे तिलापिया. १९५२ साली देशात आणलेली ही परदेशी जात आज उजनीत राज्य करतेय, तिला तापलेल्या पाण्याचं फार वाटत नाही. धरण उतरलं की उघड्या पडलेल्या चिखलात बघा, थाळीएवढे गोल खळगे ओळीने दिसतील. ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी. मादी तिथे अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि पिल्लं तोंडातच सांभाळते. तिला पूर नको, वाहतं पाणी नको, मृग नक्षत्र नको. वर्षातून कितीदा तरी विते. (तिच्या नाईल जातीच्या पिल्लांना पहिल्या काही आठवड्यांत फार गरम पाणी मिळालं तर नरांचं प्रमाण वाढतं. निसर्गाचे हे खेळ वर्गात सांगितले की मुलं जागी होतात.) उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात चिलापीच्या पाट्यांवर पाट्या लागतात, त्यावर हजारो घरं चालतात, आणि मी तिला शिव्या घालणार नाही. पण पाणी तापत राहिलं, उथळ होत राहिलं, तर एवढा एकच मासा उरेल, आणि तोही बोटभर लांबीचा. गर्दीत चिलापी खुरटते आणि खुरटलेली असतानाच अंडी घालायला लागते. त्याला भाव काय येणार?

रोहू, कटला, मृगळ यांचं तंत्र वेगळं आहे. यांना पावसाळ्याची चाहूल लागते: पाणी किंचित गार होतं, गढूळ होतं, प्रवाह वाढतो, आणि मग ते अंडी सोडतात. १९५७च्या १० जुलैला हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज मत्स्यबीज केंद्रं चालतात आणि १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन आहे. पण टोचणीलाही पाण्याची साथ लागते. फार गरम पाण्यात अंडी नीट फळत नाहीत. आपल्या देशातलं निरीक्षणही आहे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने बंगाल आणि ओडिशातल्या केंद्रांवर पाहिलं की पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर पिकणारे हे मासे आता मार्चमध्येच पिकू लागलेत. हरिद्वारला गंगेच्या पाण्याचं सरासरी किमान तापमान १९७०-८६ आणि १९८७-२००३ या दोन कालखंडांत १३ अंशांवरून साडेचौदा झालं, आणि खालच्या गरम पाण्यातले मासे वर सरकले. गंगेची ही नोंद आहे, कारण तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं थर्मामीटर बुडवला. भीमेची, गोदावरीची, कृष्णेची अशी सलग नोंद दाखवा म्हटलं तर कागद शोधत फिरावं लागेल.

आणि पावसाचं तर विचारूच नका. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला, दिल्लीत पोहोचला त्याच दिवशी. २०२५ साली तोच २६ मेला मुंबईत हजर, नोंदींतला सर्वांत लवकरचा. मग पुन्हा जूनच्या मध्यापर्यंत दडी. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक. माणूस पेरणी पुढे-मागे करतो, दुबार पेरतो, पीकविमा मागतो. पहिल्या लोंढ्यासरशी ओढ्यात चढलेल्या माशाचं काय? चढणीचे मासे म्हणून ज्यांची आपण चवीने वाट बघतो, ते गाभोळीने भरलेले असतात, अंडी घालायला वर निघालेले असतात. लोंढा आला, मासा चढला, अंडी टाकली, आणि पुढे तीन आठवडे पावसाने तोंड फिरवलं की ओढा डबक्यांत तुटतो आणि पिल्लं तिथेच उकडतात. ज्यांना वर चढू न देता काठावरच टोपलीत घेतलं त्यांची गोष्ट आणखी वेगळी. तो दोष हवामानाचा नाही, आपल्या जिभेचा आहे.

आमच्या लोकांचंही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. धरण उतरलं की मासा आयता सापडतो. तेव्हाच बारीक आसाची (बारीक भोकांची) वडाप आणि पंड्या जाळी पडतात, तेव्हाच बोटुकलीएवढा मासा ओरबाडला जातो. बाहेरचे मजूर, आतले व्यापारी, आणि डोळेझाक करणारे आम्ही. दोन महिने थांबलो असतो तर तोच मासा अर्धा किलोचा झाला असता हे प्रत्येकाला कळतं. पण समोरचा थांबेल याची खात्री नसली की कोणीच थांबत नाही. धरणातल्या मासेमारीच्या ठेक्याचं वर्ष जूनअखेर संपतं, तेही मोठं कारण आहे. पुढच्या वर्षी धरण कोणाकडे जाईल माहीत नसेल तर ठेकेदार मे महिन्यात पाण्यात एक खवला तरी का ठेवेल?

पूर्वी नदीकडे यावर एक उत्तर होतं: डोह. उन्हाळ्यात नदी आटायची, पण वळणावळणाला डोह राहायचे, वरून जांभूळ, उंबर, करंज, वाळुंज यांची सावली आणि खालून झऱ्याचं गार पाणी. सगळी मासळी तिथे उन्हाळा काढायची आणि पहिल्या पुराबरोबर पसरायची. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीच्या डोहातले महासीर आजही आहेत, कारण ते देवीचे मासे आहेत आणि त्यांना कोणी हात लावत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरालाही तसंच. वाहतं, गार, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागणारा हा मासा. दख्खनचा महासीर शास्त्राला पहिल्यांदा माहीत झाला तो ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांच्या १८३९च्या लेखनातून, आणि नमुना होता पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. आज त्याच मुळा-मुठेत महासीर शोधायला जाऊ नका. लोणावळ्याजवळ वळवणला १९७०च्या दशकापासून त्याचं बीज तयार होतं म्हणून जात टिकली, पण हौदातला मासा आणि नदीतला मासा यांत फरक आहे. नद्यांचे डोह वाळूवाल्यांनी उपसले, विहिरींनी आणि कूपनलिकांनी झरे ओढले, शहरांनी काठची झाडं काढून काँक्रीट ओतलं. उरलं काय तर तुमची धरणं. आता धरणाचा खोल भाग हाच डोह.

आणि तो भागही आपण उपसतो. उजनीचं उदाहरण घ्या, कारण ते मला जवळचं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३-६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळचं पाणी. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे मृत साठ्यातलंही पाणी उपसलं गेलं. पळसदेवचं पाण्यातलं जुनं मंदिर उघडं पडलं, फोटो छापून आले, पर्यटक आले. भिगवणला रोहित पक्षी येतात तेव्हाही पर्यटक येतात. पक्ष्यांसाठी फलक आहेत, दुर्बिणी आहेत, होडीचे दर ठरलेले आहेत. ते पक्षी आमचेही पाहुणे आहेत, होड्या आमच्याच पोरांच्या आहेत. पण पाण्याखाली जे चाललेलं असतं त्याचा फलक कुठेच नाही. धरण असं उतरत गेलं ते भर उन्हाळ्यात, म्हणजे कमी पाणी आणि कडक ऊन एकाच वेळी.

सोलापूरला प्यायला पाणी देऊ नका, असं मी म्हणत नाही. म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचं आवर्तन तोडा असंही नाही. माझे मामा ऊसवाले आहेत, मला घरात राहायचंय. मी म्हणतो ते एवढंच, की वाटपाचा तक्ता मांडताना माशाला शून्य धरू नका.

त्याला आता सरकारचाच आधार आहे. एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले. विजेच्या दरात, कर्जात, विम्यात त्याचा फायदा यायचा तेव्हा येईल. पण शेतीच्या बरोबरीचा दर्जा असेल तर पाण्याच्या वाटपात शेतीच्या शेजारी बसायला जागा हवी. तुमच्या बैठकीला लाभक्षेत्रातले शेतकरी येतात, कारखान्याचे प्रतिनिधी येतात, पाणीवापर संस्था येतात. ज्या धरणात मच्छीमार सहकारी संस्था आहे तिचा एक माणूस त्या बैठकीत का नसावा? पहिल्या बैठकीत तो काही फार बोलणार नाही. पण कुठलं आवर्तन मेच्या तिसऱ्या आठवड्यात सोडलं तर फुगवट्याचा कोणता भाग मुख्य पाण्यापासून तुटतो, हे त्याला तुमच्या नकाशापेक्षा चांगलं माहीत असेल. एखादं आवर्तन आठ दिवस अलीकडे घेतलं, किंवा एका मोठ्या विसर्गाऐवजी दोन लहान केले, तर तेवढ्याच पाण्यात तो भाग वाचू शकतो. अशा गोष्टींना टीएमसी लागत नाही, विचारणा लागते.

दुसरं, प्रत्येक धरणाला मेअखेरची एक किमान पातळी मासळीसाठी लिहून ठेवा. ती सगळीकडे सारखी असणार नाही. कुठे भिंतीजवळ खोल पाणी असतं तिथे थोडक्यात भागेल. विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांसारख्या उथळ तळ्यांत, जिथे ढिवर समाज पिढ्यानपिढ्या मासेमारी करतो आणि चंद्रपूरकडचं ऊन असतं, तिथे वेगळा विचार करावा लागेल. तिथे पाण्यातल्या वनस्पती, काठची झाडं आणि गाळ काढताना मुद्दाम खोल ठेवलेला एक कोपरा यांना जास्त महत्त्व आहे. गाळ काढण्याच्या योजना चालूच आहेत, यंत्र तिथे उभंच आहे. सगळ्या तळ्याचा तळ सपाट करण्याऐवजी एका भागात दोन पुरुष खोल जा, एवढीच सूचना त्या आदेशात घालायची आहे. तो खोल भाग १५ एप्रिल ते जूनअखेर जाळ्यांना बंद ठेवायची जबाबदारी संस्थांनी घ्यावी. आम्ही ती घेऊ, पण ठेक्याची मुदत लांब असेल तरच ती पाळली जाईल, हे मत्स्यव्यवसाय विभागाला तुमच्या मार्फत कळलं तर बरं.

तिसरी गोष्ट मोजणीची. धरणावर रोज सकाळी पाणीपातळी लिहिली जाते, पाऊस लिहिला जातो, बाष्पीभवन पात्रातला आकडा लिहिला जातो. त्याच वहीत पाण्याचं तापमान लिहा, एक वरचं आणि एक दोन पुरुष खालचं, आणि उन्हाळ्यात पहाटेचा ऑक्सिजन. पहाटेचा, दहा वाजताचा नाही. माणूस तिथे असतोच, वही असतेच, उपकरणाचा खर्च एका बैठकीच्या चहा-नाश्त्यात निघेल असं म्हणणार होतो, पण तुमच्या नाश्त्याचा मला अंदाज नाही. दहा वर्षांनी त्या वहीतून भीमेचीही नोंद तयार होईल.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जगातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचा हिशोब मांडला: तपासलेल्या १४,८९८ जातींपैकी ३,०८६ जातींना नामशेष होण्याचा धोका, आणि धोक्यातल्या जातींपैकी निदान १७ टक्क्यांना हवामानबदलाची झळ. त्याच वर्षी महाराष्ट्राने राज्यमासा जाहीर केला, पापलेट. समुद्राचा मासा. कोळी बांधवांचं अभिनंदनच आहे, मागणी त्यांची होती आणि रास्त होती. पण राज्याच्या ज्या भागात समुद्र नाही तिथेही मासे आहेत, आणि ते तुमच्या आवर्तनावर जगतात.

पावसाळा संपला की तुमच्या बैठकांच्या तारखा लागतील. विषयपत्रिका आठ-दहा दिवस आधी निघते. तीत ‘मत्स्यव्यवसायासाठी मेअखेर किमान पातळी’ एवढी एक ओळ टाका आणि स्थानिक मच्छीमार संस्थेला निमंत्रणाचं पत्र धाडा. बैठकीला येताना आम्ही गेल्या उन्हाळ्यातल्या मरतुकीच्या तारखा, जागा आणि त्या दिवशीची धरणाची टक्केवारी कागदावर लिहून आणू. ती तुमच्या पातळीच्या वहीशी ताडून बघा.

आपला नम्र,
भीमाकाठचा एक भोई
(व्यवसायाने प्राणिशास्त्राचा शिक्षक)